डांगरवाडीची राखण

नागपुरात वसंत येतो, असे म्हणणे धाडसाचे आहे. थंडी एके सकाळी न सांगता निघून जाते, थोडे दिवस हवा सुसह्य असते, आणि मग ऊन मानगुटीवर बसते. त्या थोड्या दिवसांसाठी मी चार वर्षे सायकल दामटली.

शहराच्या उत्तरेला, सावनेरच्या रस्त्यावरून आत वळले की एक तलाव लागे. सत्तरीच्या दशकात मी सरकारी कचेरीत होतो आणि कचेरीपूर्वी, पहाटेच तेथे जात असे. दिवाळीनंतर तेथे पट्टकादंब उतरत: राखी अंगाचे हंस, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. हिमालयापलीकडून येत आणि थंडी सरली की परत जात. मला त्यांचे जाणे पाहायचे होते. एका वर्षी मार्चअखेरच्या कामाने ते हुकले, पुढच्या वर्षी मेहुणीच्या लग्नाने. तिसऱ्या वर्षी मी एकच दिवस गेलो नाही. नेमका तोच त्यांनी निवडला. चौथ्या वर्षी बदलीचा हुकूम हाती पडला. एप्रिलात नागपूर सोडायचे होते. हा हंगाम शेवटचा.

माघ सरत आला तशी चिन्हे दिसू लागली. पळसाच्या काळ्या कळ्या फुटल्या. काठावरच्या पिवळ्या धोबी पक्ष्याचा फिका गळा दिवसागणिक गडद होऊ लागला. हंस अस्वस्थ झाले. माना वरखाली करीत, एकदम उठत, तलावावर एक फेरी घालून पुन्हा उतरत. पाणी मागे हटत होते. मी ज्या खडकावर बसे त्याच्यासमोर आता ओला गाळ होता, आणि त्या गाळात एका बाईने डांगरवाडी लावली होती. खरबुजाला आमच्याकडे डांगर म्हणतात. रोपे चार पानांवर आली होती आणि हंसांना ती आवडत होती.

बाई रॉकेलचा रिकामा डबा बडवी. हंस उडत आणि पलीकडच्या काठावर उतरत. असे रोज, सकाळभर. हे असेच चालले, तर ते आपण होऊन गेले की हाकलले गेले, हे मला कधीच कळणार नव्हते. मी तिला डबा थांबवायला सांगितले.

"काहून?"

"मला ते पक्षी पाहायचे आहेत."

"बदकं काय पाहाचे बाबूजी?"

"ती बदके नव्हेत."

"पान्यात पोहून राहिले, पंख हाय. मंग काय बकऱ्या म्हनू?" तिने डब्यावर आणखी एक काठी मारली. "तुमाले पाहाचं हाय, मले पोट भराचं हाय. डबा नाही वाजवला त रोपं कोन राखन? तुम्ही?"

"राखतो."

ती हसली. हसणे थांबेना. "बरं. आठ दिवस राखा. पन रोप गेलं त घरी तुमच्या बाईजवळ येऊन बसन मी, पह्यलेच सांगते."

डबा आणि काठी माझ्या खडकापाशी ठेवून ती सकाळी शहरात भाजी विकायला जाऊ लागली. मी वाडीच्या कडेला नुसता उभा राही. माणूस उभा दिसला की हंस पाण्यातच थांबत. योजना चांगली होती. तीन-चार दिवस मी समाधानी होतो. आयुष्यात इतके पुष्कळ झाले.

मग एका सकाळी ते पाण्यातून चालत वर आले. मी उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि रोपांकडे वळले. मी हात उगारला. पुढचा हंस दोन पावले बाजूला झाला आणि त्याने पान खुडले. मी उपरणे फडकावले. त्याने दुसरे खुडले. चार हिवाळे मी तेथे न हलता बसलो होतो, त्यांना भिववू नये म्हणून श्वास रोखून. त्या बसण्याचे फळ हे: त्यांना माझी भीती उरली नव्हती. डोळ्यांदेखत एक वेल मुळासकट उपटली गेली. मी डबा उचलला आणि बडवला.

सारा थवा उठला. तलावावर एक फेरी झाली, दुसरी झाली. मी पलीकडच्या काठाकडे पाहत राहिलो. ते तेथे उतरले नाहीत. वर चढत गेले, पसरले, त्यांची एक वाकडी रांग झाली, आणि ती रांग उत्तरेकडे सरकत अगदी बारीक होऊन दिसेनाशी झाली.

ऊन चढेपर्यंत मी थांबलो. कचेरीची वेळ टळली.

बाई रिकामी टोपली घेऊन आली. तिने आधी रोपे पाहिली, मग पाणी.

"गेले?"

"गेले."

"आपल्या मनानं का तुम्ही हाकलले?"

मी डबा तिच्यापुढे ठेवला. तिने उपटलेली वेल उचलली, पाहिली, टाकून दिली.

"एकच गेली. जाऊ द्या," ती म्हणाली. "पन पाहाले आलते न तुम्ही? पाह्यलं न मंग!"

दुसऱ्या दिवशी मी गेलो, त्याच्या पुढच्या दिवशीही. पाणी मोकळे होते. धोब्याचा गळा पुरता पिवळा झाला होता आणि डबा वाडीतल्या तिच्या झोपडीच्या कुडाला उलटा टांगलेला होता.

बदलीच्या गावी तलाव नव्हता.