कपाटात राहिलेलं यंत्र

अकोल्याहून निघालेली बस शेलूबाजारला थांबली, तेव्हा फोनवर आमच्या विभागप्रमुख मॅडमचा मेल आलेला दिसला. चारच ओळी होत्या. परदेशातल्या सरकारने लघुग्रहाकडे जाणाऱ्या यानाचा निधी काढून घेतला आहे, ते यान आता उडणार नाही. आपलं यंत्र त्याच यानावर जाणार असल्याने आपल्याकडचा प्रकल्पही थांबवण्यात येत आहे. कंत्राटी पदांना मुदतवाढ मिळणार नाही. चौथी ओळ दिवाळीच्या शुभेच्छांची होती.

शेजारच्या बाईंनी पिशवीतून संत्रं काढलं आणि सोलून अर्धं माझ्या हातात दिलं. मी ते तसंच धरून बसले. नोकरी गेली हे ध्यानात यायला वेळ लागला. पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की थोड्या वेळात मंगरूळपीर येईल आणि स्टँडवर बाबा उभे असतील.

बाबा एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात अकोल्याला त्यांच्या हृदयात स्टेंट टाकला होता. माझे आजोबा आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात मजुरीने गेले. बाबांच्या हाती पाना आला. मी दक्षिणेतल्या एका शहरात सरकारी प्रयोगशाळेत अवकाशात जाणारं यंत्र बनवत होते. हा हिशेब बाबा कधी बोलून दाखवत नसत. पण आसेगावात चहाच्या टपरीवर कोणालाही विचारलं असतं, तरी माझं यंत्र काय करतं ते त्याने सांगितलं असतं, आणि ते बाबांमुळेच.

यंत्र धूळ मोजणारं होतं. लघुग्रहाभोवती बारीक धूळ तरंगत असते. तिचा कण यंत्रातल्या पातळ पडद्यावर आदळला, की तो केवढा होता, किती वेगाने आला, ते कळतं. आकाराने जेवणाच्या डब्याएवढं. तो पडदा बसवण्याचं काम माझं होतं. टोपी, मास्क, दोन-दोन हातमोजे घालून, श्वास रोखून मी तो बसवला होता. मग आम्ही ते यंत्र हादरवलं, गोठवलं, तापवलं, निर्वात टाकीत ठेवलं. सगळ्यात ते टिकलं. आता फक्त पाठवायचं राहिलं होतं.

धोक्याचा वास मला वर्षभर येतच होता. परदेशातले एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ आमच्या बैठकीत व्हिडिओवर असायचे. त्यांचं दुसरं एक यान कित्येक वर्षं बिनतक्रार चालू होतं. एका बैठकीत ते म्हणाले, की हे चालू यान बंद कसं करायचं याचा आराखडा वरून मागितला आहे. ते सांगताना त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवसापासून कोणताही मेल उघडण्याआधी तो कोणाकडून आला ते मी दोनदा पाहत असे. यान त्यांनी दिलं नाही तर आपलं यान बनवू, असं आमच्याकडे काही दिवस बोललं गेलं. पण आपल्याकडे आधी माणूस वर पाठवायचा होता, देशाच्या सीमेवर नजर ठेवणारे उपग्रह हवे होते. त्यात चूक आहे असं मला तेव्हाही म्हणता येत नव्हतं. त्या रांगेत एका लांबच्या दगडाभोवतीच्या धुळीचा नंबर कितवा लागणार, एवढंच आम्हाला कोणी सांगत नव्हतं.

स्टँडवर बाबा होतेच. इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याची बाटली. माझी बॅग मी त्यांना उचलू दिली नाही. आसेगावच्या गाडीत बसल्यावर त्यांनी सांगितलं, की गावच्या शाळेत मुख्याध्यापक बाईंशी बोलून ठेवलं आहे. दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी, शनिवारी, माझा सत्कार आहे. मी मुलांशी यंत्राबद्दल बोलायचं. तालुक्याचा वार्ताहरही येणार आहे.

मी म्हणाले, "बाबा, कायले सत्कार?"

"तुह्यासाठी नाई," ते म्हणाले. "पोरींसाठी हाय."

त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की मला पुढे बोलता आलं नाही. घरी जाऊन सांगू, असं ठरवलं. घरी गेल्यावर जेवणानंतर सांगू, असं ठरवलं. मग ते गोळी घेऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी मी आईबरोबर अंगणवाडीत गेले. आई तिथे सेविका आहे. मुलं घरी गेल्यावर ती वजनकाटा पुसत होती, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती काटा पुसतच राहिली. मग खाली बसली.

"त्यायले आत्ता सांगू नको," ती म्हणाली. "दिवाळी होऊ दे. डॉक्टर म्हने धक्का बसू देऊ नका."

मी म्हणाले, की मग शनिवारी शाळेत मी काय बोलू? त्यावर तिने मला एक गोष्ट सांगितली. बऱ्याच वर्षांपूर्वी लेकरांना सकाळी जादा खाऊ देण्याची एक योजना होती. एक दिवस वरून निरोप आला, योजना बंद. लेकरांना निरोप कुठला समजायला? ती आपापल्या वाट्या घेऊन दारात उभी.

"त्यायले काय सांगाव, मले समजेना," आई म्हणाली. "मंग मी आतून कडी लावून बसली. लेकरं दार वाजवून राह्यले होते. मी हूं का चूं केलं नाई."

हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं आई मला धीर देईल. पण घाबरणाऱ्या आता आम्ही दोघी झालो होतो, आणि बाबांसमोर दोघींनी हसतं तोंड ठेवायचं होतं. ते दोन दिवस मी त्यांच्या छातीकडे पाहत राहिले. ते जिना चढले, खोकले, पाण्याचा हंडा उचलला, तरी माझा जीव वरखाली व्हायचा.

शनिवारी शाळेच्या अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. मुख्याध्यापक बाईंनी मला शाल दिली. पुढच्या रांगेत बाबा बसले होते, त्यांच्या शेजारी आगारातले त्यांचे जुने सोबती. मी धुळीबद्दल बोलले, पडदा कसा बसवला ते बोलले. यंत्र गोठवल्यावर पुन्हा चालू झालं तेव्हा आम्ही सगळे कसे नाचलो, ते सांगितलं. ते सगळं खरं होतं. शेवटी आठवीतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारलं, "ताई, हे यंत्र वर कवा जाईन?"

बाबा माझ्याकडे पाहत होते. मागे आई उभी होती, ती जमिनीकडे पाहत होती.

"पुढच्या वर्षी," मी म्हणाले.

टाळ्या वाजल्या. शालीखाली माझी पाठ घामाने भिजली होती.

सोमवारी बातमी आली. आसेगावच्या कन्येचे यंत्र पुढील वर्षी अवकाशात. खाली शाल घेतलेला माझा फोटो. दुपारपर्यंत ती बातमी गावच्या ग्रुपवरून केनवडच्या आत्याच्या ग्रुपवर गेली, तिथून कुठे कुठे गेली कोण जाणे. तीन वाजता प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याचा फोन आला. तो नागपूरचा, त्याच्यापर्यंत बातमी पोचली होती. त्याने विचारलं, की हे तू सांगितलंस का? मॅडमनी पाहिलं तर काय होईल माहीत आहे ना? सरकारने थांबवलेला प्रकल्प चालू आहे असं छापून आलं आहे, आणि अनुभवाच्या दाखल्यावर त्यांचीच सही लागणार आहे.

मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन ओकले. लहानपणी चोरी पकडली गेल्यावर जे वाटायचं, तेच वाटत होतं, फक्त शंभरपट. गावातलं एकेक माणूस डोळ्यांपुढे येत होतं. पुढच्या वर्षी यातला प्रत्येक जण विचारणार होता.

बाहेर आले तर बाबा चपला घालून निघालेले. हातात पेपरचं कात्रण, प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेलं. मंगरूळपीरला जाऊन लॅमिनेशन करून आणतो, म्हणाले. मी त्यांच्या मागे फाट्यापर्यंत चालत गेले. आईने हाक मारली, तिला उत्तर दिलं नाही. गाडीला वेळ होता. फाट्यावरच्या पारावर ते बसले, आणि मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर विचारलं, "कवा समजलं तुले?"

"येताना, बसमध्ये."

"म्हंजे सत्काराच्या आंधी."

"हो."

त्यांचा हात छातीकडे गेला. मी ओरडलेच असते. पण ते वरच्या खिशातून चष्मा काढत होते. चष्मा लावून त्यांनी कात्रण पिशवीतून काढलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. समोरून गाडी आली, थांबली, गेली. ते उठले नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "यंत्र आता कुठं हाय?"

मी सांगितलं, की प्रयोगशाळेतल्या एका कपाटात, बंद पेटीत आहे.

"मधामधात चालू करून पाह्यता का?"

"नाही. त्याला परवानगी लागते. आणि आता तिथं ते चालू करणारंच कोणी उरणार नाही."

"उभी गाडी लवकर खराब होते, माय," बाबा म्हणाले. "चालत्या गाडीपेक्षा लवकर. रबर कडक होते, आतून गंजते. बाहेरून समजत नाई."

त्या वेळी मला पहिल्यांदा रडू आलं. पाच वर्षांत प्रयोगशाळेतल्या कोणी जे विचारलं नव्हतं, ते त्यांनी विचारलं होतं. त्यांनी मला रडू दिलं. खोटं का बोललीस, असं त्यांनी विचारलं नाही. मीच म्हणाले, की तुमच्या तब्येतीची भीती वाटली. त्यावर ते चिडले. आयुष्यात मोडक्या गाड्याच पाहिल्या, म्हणाले, मोडली म्हणून सांगायला आलेल्या ड्रायव्हरला मी कधी हाकललं नाही. मोडली हे लपवून गाडी रस्त्यावर आणणाऱ्याला मात्र हाकललं.

मग म्हणाले, "पेपरचं जाऊ दे. पन त्या पोरी तुह्याकडं पाहून राह्यल्या होत्या. त्यायले सांगजो. उद्याच."

मंगळवार हा सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता. परिपाठाच्या वेळी मी पुन्हा त्या अंगणात उभी राहिले. बाबा आले नाहीत, मीच येऊ नका म्हणाले होते. मी सांगितलं, की शनिवारी मी खोटं बोलले. यंत्र जाणार नाही, त्याचे पैसे थांबले आहेत, माझं कामही संपलं आहे. मुख्याध्यापक बाई अवघडून घड्याळाकडे पाहू लागल्या. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. आठवीतल्या त्या मुलीने हात वर केला नाही, बसूनच विचारलं, "मंग ते धूळ आता कोनीच मोजनार नाई?"

"आत्ता तरी नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि दुसरीकडे पाहू लागली. त्या मान हलवण्याची मला अजूनही भीती वाटते. एक गोष्ट मनातून काढून टाकावी, तशी ती हलवली होती.

वार्ताहराने खुलासा छापला नाही, गावाचं नाव कशाला खराब करायचं, म्हणाला. मॅडमना मी स्वतःहून पत्र लिहिलं. त्यांनी दाखल्यावर सही केली आणि एक ओळ लिहिली, की त्याही मार्चनंतर तिथे नसतील. परदेशातल्या त्या शास्त्रज्ञांचा पुन्हा मेल आला नाही. त्यांच्या चालू यानाचं काय झालं, ते शोधायचं धाडस मी केलेलं नाही.

आता मी वाशीमच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर पदार्थविज्ञान शिकवते. कामात मन लागतं, पण निश्चिंत असं कधी वाटत नाही. वर्गात एखादी मुलगी मला अवकाशात काम करायचं आहे असं म्हणाली, की मी तिला हो म्हणते आणि आतून घाबरते. मी तिला कुठे पाठवते आहे, तिथे पोचल्यावर दार उघडं असेल की आतून कडी लावलेली असेल, मला ठाऊक नसतं.

मागच्या महिन्यात नागपूरच्या सहकाऱ्याचा फोन आला. तो अजून प्रयोगशाळेतच आहे, दुसऱ्या कामावर. आमची खोली आता नव्या प्रकल्पाला दिली आहे, कपाट रिकामं करायला सांगितलं आहे. पेटी त्याने तळमजल्यावरच्या भांडारघरात नेऊन ठेवली. फेकू दिली नाही, म्हणाला. वरती माझं नाव लिहिलेली चिठ्ठी आहे, ती काढू का, असंही त्याने विचारलं. मी म्हणाले, राहू दे.

आसेगावला गेले तेव्हा घरात पाय ठेवताच हे बाबांना सांगितलं. ते खुर्चीत बसून औषधाच्या गोळ्या डबीत भरत होते. हातातली गोळी त्यांनी खाली ठेवली.

"त्या भांडारघराच्या भिंतीले ओल हाय का?" त्यांनी विचारलं.

मी सहकाऱ्याला फोन लावला.