पाठ नसलेला कोट

देवाने हे जग निर्माण केलं असेल, पण आमच्या साडूंना ते अजून पटलेलं नाही. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, सांगते की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा या माणसाने आधी तिच्याकडे नाही, अंतरपाटाच्या मागच्या बाजूकडे पाहिलं होतं. तिच्या बोलण्यात थोडा मीठमसाला असेल, पण फार नाही. दूधवाला हसला की साडू पातेलं उन्हात धरून बघतात आणि नाही हसला की दोनदा बघतात.

आता यात त्यांचा तरी काय दोष! खांडबाऱ्याला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पडद्याच्या एका बाजूला काश्मीर, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा राजवाड्याचा जिना. आणि शेजारच्या शिंपीचाचांनी शिवलेला एक कोट. त्या कोटाला पाठच नव्हती. समोरून कॉलर, बटणं, खिशात रुमालाचं टोक, आणि मागे नुसत्या नाड्या. फोटोत पाठ दिसत नाही, मग कापड कशाला वाया घालवायचं, असा चाचांचा रोखठोक हिशेब. पंचक्रोशीतले निम्मे पुरुष लग्नाच्या स्थळांसाठी या कोटात उभे राहिले, आणि गेल्यावर हार घालून भिंतीवर चढले तेही याच कोटात, कारण जुन्या फोटोतला चेहरा कापून कोटावर बसवण्यात साडूंचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा आम्ही नवापूरकडच्या एका घरी बसायला गेलो होतो. भिंतीवर आजोबा, वडील आणि काका, तिघे एकाच कोटात. घरातली म्हातारी मला अभिमानाने म्हणाली, "आमना घरना कोट शे. सासरानी मुंबईथून आनेल व्हता." तो आता धाकट्या दिराकडे आहे आणि दिवाळीला उन्हात घालतात, असंही तिने सांगितलं. साडू मान खाली घालून चहा पीत राहिले. बाहेर आल्यावर माझा दंड धरून म्हणाले, "देखं का साडूभाऊ? मी बनाडेल खोटं, आते त्यासनं खरं व्हई गयं." त्यांचा चेहरा भूत पाहिल्यासारखा झाला होता.

पुढे ते लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करू लागले आणि उरलासुरला विश्वासही उडाला. एका लग्नात मुलीच्या पाठवणीला तिची आई ऊर फुटेल अशी रडली आणि नेमकी तेव्हाच साडू बॅटरी बदलत होते. त्यांनी भीतभीत म्हटलं, "मावशी, परत एकदा रडा ना." मावशींनी पदर नीट केला आणि पुन्हा रडल्या. साडूंचं म्हणणं असं की दुसरं रडणं पहिल्यापेक्षा सरस होतं. त्या दिवसापासून कुणाच्याही डोळ्यांतलं पाणी त्यांना नुसतं पाणी वाटत नाही. नंदुरबारला लाल मिरची वाळत घालतात त्या पथारीवर हल्ली जोडपी लग्नाआधीचे फोटो काढायला येतात. साडू तिथेही थांबून निदान करतात, "डोयामा पानी मिरचीनं शे, प्रेमनं नही."

हातोहाती मोबाईल आले, स्टुडिओ बसला, आणि साडूंच्या ध्यानात आलं की आता अख्खा जिल्हाच स्टुडिओ झालाय. टीव्हीवर कुणी वार्ताहर कमरेएवढ्या पुरात ओरडत असला की साडू म्हणणार, "हाऊ उभा नही, बठेल शे." मी राजकारणावर चार शब्द बोललो की विचारणार, "हाई तुमनं मत शे का मोबाईलमा उनं?" सुरत रस्त्यावर 'गावाकडचं जेवण' देणारं एक हॉटेल निघालं, तिथे मी त्यांना हौसेने घेऊन गेलो. सारवलेल्या भिंती, बैलगाडीचं चाक, कंदील, धोतर नेसलेले वेटर, आणि कुंपणापलीकडे खरोखरीचं गाव, जिथली माणसं रविवारी मोटारसायकलवर बसून गावाकडचं जेवायला इकडे येतात. साडूंनी भिंतीला नख लावलं. प्लास्टर निघालं. मग वेटरला जवळ बोलावून त्याच्या धोतराखाली जीन्स आहे का ते वाकून पाहिलं. होती. वांग्याचं भरीत मात्र अस्सल निघालं आणि तेच साडूंच्या जिव्हारी लागलं. "इतलं समदं खोटं अन् भरीत खरं? काहीतरी गडबड शे," असं म्हणत त्यांनी ते पुन्हा मागवलं.

मी नंदुरबारला मराठी शिकवतो. मागे एका चर्चासत्रात उत्तर-आधुनिकतेवरचं व्याख्यान ऐकलं. वक्ते म्हणाले, आता मूळ असं काही उरलेलंच नाही, प्रतींच्याच प्रती निघताहेत, आणि आपण ज्याला खरं म्हणतो तीही एक मांडणीच असते. मी लगोलग साडूंना जाऊन सांगितलं. म्हटलं, आपलाच विचार विद्वानांच्या तोंडून ऐकून माणूस खूश होईल. साडू संशयाने म्हणाले, "त्यासनी कोनी तरी भिंतवर मन्हा कोट देखा व्हई." पण विद्वानांचं एक बरं असतं. व्याख्यान संपलं की ते चहा घेतात आणि घरी जातात. साडूंना मात्र तो विचार घरी न्यावा लागतो, आणि त्यांना एकुलती एक मुलगी आहे.

मुलगी सुरतेला दिली. तिचा रोज स्टेटसवर फोटो येतो. बाल्कनीतला झोका, मागे हिरवीगार वेल, हातात कप आणि तोंडभर हसू. अक्का तो फोटो गल्लीभर दाखवते. साडू दोन बोटांनी तो मोठा करून करून बघायचे आणि म्हणायचे, "हाई हासनं मांडेल शे." अक्का एकदा रडलीच. "तुमले पोरनं सुखबी देखवत नही का?" साडू रोज फोन करून लेकीला विचारायचे, "खरं सांग माय, सुखमा शे ना?" ती रोज हो म्हणायची, आणि ती जितकं हो म्हणे तितकं यांचं जेवण कमी होई. माणूस अर्धा झाला. तेव्हा अक्का मला म्हणाली, "भाऊजी, यासले एकदाव सुरत दखाडी आना." न कळवता जायचं, ही साडूंची अट. नाहीतर म्हणे सेट लागतो.

दार उघडलं तेव्हा लेकीचे हात पिठाचे होते आणि केसांना तेल. "बाबा! सांगं नही, काही नही!" म्हणत ती तशाच हातांनी बिलगली. साडूंच्या सदऱ्यावर पिठाचे पंजे उमटले. मग त्यांची तपासणी सुरू झाली. स्वयंपाकघर पाहिलं, फ्रीज उघडला, पडदे सारले. बाल्कनीतली वेल प्लास्टिकची निघाली. तिचं एक पान तोडून ते विजयी मुद्रेने माझ्यापुढे नाचवत राहिले. लेक हसली, "बाबा, समदा लोके लावतस. खरीले पानी कोन घाली?" संध्याकाळी जावई सासऱ्यांसाठी लोचो हा सुरतेचा गरम नाश्ता घेऊन आला, बायकोची बोलणी खाल्ली, स्वतःची बशी स्वतः विसळली. मला तरी ते घर चारचौघांसारखं बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी निघताना ती खाली रिक्षापर्यंत आली आणि आम्ही वळेपर्यंत हसत उभी राहिली.

आम्ही परतीच्या गाडीत बसलो. व्यारा स्टेशन मागे पडलं तेव्हा साडू म्हणाले, "साडूभाऊ, लहान व्हती तवय तिनी दाढ दुखे. गाल सुजेल. अन् माले दुकानना काचमा लावाले पोरना फोटो जोयजे व्हता. मी सांगं, दुखनं बाजूले ठेव माय, हास. सुजेल गाल मी अंधारमा ठेवा. इतली मस्त हासनी की कोनलेच समजनं नही." मग म्हणाले, "आज रिक्षाजोडे तीच हासनी. आते ती खरी सुखमा शे का, हाई माले कसं समजीन? तिले मीच शिकाडं."

जन्मभर ज्याची मी टिंगल केली त्या माणसाची त्या क्षणी मला इतकी माया आली की मी त्यांच्या जवळ सरकलो. त्यांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "सुखमा शे ना ती? तुम्हीन सांगा." कुणाच्या शब्दावर विसंबायची त्यांची ही पहिलीच वेळ.

मी हो म्हटलं. ते माझ्याकडे वळले नाहीत. माझा चेहरा बघायचाच नाही, असं ठरवल्यासारखे खिडकीबाहेर पाहत राहिले.