मागच्या तारखेचा बॅकअप

मंडळी, घराचं वायरिंग, मुलीचं अभ्यासाचं टेबल आणि जासईच्या एका कंटेनर यार्डाचं बॅकअप सॉफ्टवेअर, हे सगळं मी स्वतःच्या हातांनी केलंय. क्लास एकाचाही लावलेला नाही.

त्या सॉफ्टवेअरमध्ये क्लाउडवरच्या फाइल्सचा बॅकअप 'बिल्डर पॅटर्न' नावाच्या कोड लिहायच्या पद्धतीने बनतो. नाव, वर्णन, कुठल्या फाइल्स घ्यायच्या, हे एकेक करून भरायचं. एक जरी राहिलं तरी कोड पुढे जात नाही. बॅकअप घेतल्याची वेळ मात्र क्लाउडच देतं. ती हाताने भरायची सोय मी मुद्दाम ठेवलेली नाही.

आज दुपारी यार्डाचे मालक घरी आले. खर्च वाचवायला त्यांनी महिनाभर बॅकअप बंद ठेवला आणि नेमक्या तेव्हाच फाइल्स उडाल्या. आता विमावाले म्हणतात, बॅकअप चालू होता हे दाखवा, तरच भरपाई.

"भाऊ, मागची तारीख टाक ना. कोडची एक ओळ तर हाय."

"शेठ, आजच्या बॅकअपवर मागची तारीख कशी टाकू?"

"तुला जमत नाय, असं सरळ सांग. दुसरा बगतो."

मला जमत नाही म्हणे! शेठनी तासभर माझं डोकं खाल्लं. अहो, ती ओळ दोन मिनिटांचं काम आहे. पण एकदा ती लिहिली, की माझ्या कुठल्याच बॅकअपच्या तारखेवर कुणी का विश्वास ठेवावा? तुम्हीच सांगा.

शेवटी चपला घालताना शेठनी त्या एका ओळीचे साठ हजार देऊ केले. मी नाही म्हणालो.