भिंतवालीची तक्रार

सरकारी हायस्कूलच्या गेटासमोर तिचं बैठं घर होतं आणि घराला कमरेएवढी भिंत होती. त्या भिंतीला कोणी सायकल टेकवली की ती बाहेर यायची. दप्तर ठेवलं की यायची, कोणी नुसतं टेकून उभं राहिलं तरी यायची. पोरांनी तिचं नाव भिंतवाली ठेवलं होतं. ज्यांनी ते ठेवलं त्यांचीच पोरं आता त्या शाळेत नववी-दहावीला होती, म्हणजे नाव चांगलंच मुरलेलं.

शाळा तशी नुसती शाळा नव्हती. वस्तीत दुसरी मोठी जागाच नाही, त्यामुळे मतदान तिथे, रक्तदान तिथे, पाण्याच्या पाइपवरून भांडायच्या सभा तिथे, आणि डॉक्टरने ज्यांना चालायला सांगितलंय ते सगळे संध्याकाळी मैदानाच्या कडेकडेने तिथेच. काम कोणतंही असो, माणूस जायचा भिंतवालीच्या दारावरूनच. आणि तिच्या नजरेतून सुटायचा नाही.

दोष काढणं हा तिचा धंदाच होता, अगदी पगारी. सगळी नोकरी तिने कापडाच्या गिरणीत तपासणीच्या टेबलावर काढली. खालून उजेड लावलेल्या काचेवरून तागे सरकायचे आणि तुटलेला धागा, गाठ, डाग दिसला की तिने खडूने खूण करायची. चांगल्या कापडाबद्दल तिने काही बोलावं अशी कोणाची अपेक्षा नव्हती. लग्न राहूनच गेलं. थोरला भाऊ आणि ती, दोघंच त्या घरात, आणि दोघांचं पटायचं नाही म्हणजे अजिबात नाही. सकाळी दूध उतू गेलं यावरून पेटलेलं भांडण दुपारी पंख्याच्या वेगावर यायचं आणि रात्री जेवताना जुनं उणंदुणं निघायचं. शेजारी कानाला हात लावायचे. मग भाऊ गेला. काही दिवस लोक येऊन बसले, मग यायचे थांबले, आणि घर तिला खायला उठलं. एकदा तिने दूध मुद्दाम उतू जाऊ दिलं आणि मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तिने फडकं घेऊन ओटा पुसला.

त्याच आठवड्यात ती पहिल्यांदा शाळेच्या ऑफिसात तक्रार घेऊन गेली.

तिथे हेडक्लार्क होता. जाडजूड, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि तोंडाला तोंड द्यायला तिच्याइतकाच पक्का.

"ताई, पोरं सायकल भिंतीला नाही टेकवणार तर काय ढगाला टेकवणार?"

"मग शाळेची भिंत काय शोभेला ठेवलीय?"

"ती पडेल हो!"

"आणि माझी पडली तर बांधून देणार आहात?"

असं चालायचं. मध्येच तो चहा मागवायचा आणि दोघं तो भांडत भांडतच प्यायची. तक्रारीचं पुढे काही होणार नाही हे त्यालाही ठाऊक, तिलाही. परत निघाली की तिचा चेहरा असा खुललेला असायचा की पाहणाऱ्याला वाटावं, बाई जिंकून आली. दर सोमवारी जायची. काय बोलायचं ते रविवारीच ठरवून ठेवायची.

हेडक्लार्क निवृत्त झाला आणि लेकीकडे राहायला गेला. त्याच सुमारास शाळेला नव्या मुख्याध्यापिका मिळाल्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचे, वयाने मात्र लहानच होत्या. भिंतवाली गेली तर त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं अगदी बरोबर आहे, मावशी. चूक आमची आहे."

आता या वाक्याशी भांडायचं कसं? पुढच्या सोमवारी गेली तर पुन्हा तेच. चांगली माणसं कधी कधी फार वैताग आणतात.

शिवाय बाई नुसत्या बोलघेवड्या नव्हत्या. थोड्याच दिवसांत वस्तीत बातमी पसरली की शाळेचं गेट मागच्या रस्त्यावर जाणार, इकडचं कायमचं बंद. मागचा रस्ता रुंद, वाहनं कमी, पोरांना धोका नाही, आणि मावशींचा त्रासही संपेल.

हे तिला गेटाशेजारच्या वह्या-पेनांच्या दुकानदाराने सांगितलं, तेही तावातावाने. "तुमच्यापायी माझा धंदा बसणार, मावशी! गेटाची सभा ठेवलीय, तिथे उठून म्हणा ना, मला काही त्रास नाही म्हणून. बाई तुमचं ऐकतील."

"मला त्रास नाही असं मी कशाला म्हणू?" ती फणकारली आणि तिने दार लावून घेतलं.

आत येऊन खाटेवर बसली. समोर शाळा सुटत होती. सायकलींच्या घंट्या वाजत होत्या, कोणीतरी कोणाला आडनावाने हाका मारत होतं, भिंतीवर धप्पकन दप्तर पडलं. बाहेर जाऊन ओरडायला हवं होतं, पण ती बसूनच राहिली. हे सगळं गेलं की या दारावरून कोण जाणार? तिला भीती वाटली, भाऊ गेला तेव्हा वाटली होती तशीच. तिने ठरवलं, सभेत उठायचं आणि सांगून टाकायचं. गेट राहू द्या. बस, इतकंच.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. पालक, शेजारीपाजारी, हॉल गच्च. ठेवणीतले कपडे घालून ती पुढेच बसली होती, वाक्य मनात घोळवत. मोठ्या बाईंनी नकाशा दाखवला. दुकानदाराने विरोध केला, पालकांनी त्याला गप्प बसवलं. मग बाई म्हणाल्या, "हा प्रश्न ज्यांच्यामुळे आपल्या लक्षात आला त्या मावशी इथेच आहेत. इतकी वर्षं त्यांनी सोसलं. मावशी, दोन शब्द बोला."

टाळ्या पडल्या. तिच्यासाठी आयुष्यात कधी कोणी टाळी वाजवली नव्हती. ती उठली. दुकानदार डोळ्यांत प्राण आणून तिच्याकडे बघत होता. गेट राहू द्या म्हणायचं, म्हणजे इतकी वर्षं केलेली ओरड खोटी? आणि मग का केलीत, असं कोणी विचारलं तर? घरात एकटीला बसवत नाही म्हणून? हे भरल्या सभेत सांगायचं?

"गेट हलवताय ते ठीक आहे," ती म्हणाली, "पण शाळेची इकडची भिंतही उंच करा. बॉल येतात."

हॉल हसला, पुन्हा टाळ्या पडल्या, बाईंनी तिथल्या तिथे होकार दिला. ती खाली बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली. शेजारणीला वाटलं, बोलायची सवय नसेल.

सुट्टीत काम उरकलं. शाळा उघडली त्या सकाळी ती दारात येऊन उभी राहिली. समोर नवी, उंच, करडी भिंत. रस्त्यात एक कुत्रं आडवं पसरलेलं. दुकानदारही मागच्या रस्त्याला गेला होता, आणि म्हणे तिकडे त्याचं झकास चाललं होतं. शाळा भरलीसुद्धा असेल. तिला काही कळलं नाही.

असे काही आठवडे तिने काढले. मग एका सोमवारी ती लांबून वळसा घालून नव्या गेटाशी गेली. तिथल्या पोरी नवीन होत्या. एकीने अदबीने विचारलं, "कोण पाहिजे, आजी?" मागून कोणी भिंतवाली म्हणून खुसफुसलं नाही.

मोठ्या बाईंनी खुर्ची दिली. "काय झालं, मावशी?"

या वेळी तिला काही लपवायचं नव्हतं. "आवाज येत नाही," ती म्हणाली. "पोरांचा. दिवसभर काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

बाईंचा चेहरा उजळला. "अहो, किती बरं वाटलं! आणि हे सांगायला एवढ्या लांब चालत आलात?" त्यांचे डोळे पाणावले. "या खुर्चीत बसल्यापासून कोणी चांगलं सांगायला आलंच नव्हतं हो. पहिल्या तुम्ही."

तसं नाही, असं म्हणायला भिंतवालीने तोंड उघडलं. पण समोरचा चेहरा इतका आनंदलेला होता, की कशातही खोट काढणाऱ्या तिला त्याच्यावर खडूची खूण करवेना.

बाई तिला हाताला धरून गेटापर्यंत सोडायला आल्या. "आता निवांत राहा, मावशी. पुन्हा तुम्हाला इथे यायची वेळ येणार नाही, हा माझा शब्द."

"बरं," ती म्हणाली.

मोठ्या बाईंनी शब्द पाळला. भिंतवालीला शाळेत जायची वेळ पुन्हा कधीच आली नाही.