बेसवाल्या वहिनी

वहिनी स्टेजवर चढल्या की आधी चपला काढून ठेवायच्या. लोकांना वाटायचं, वाद्याला मान देतात. मी एकदा विचारलं तर हसल्या. "कायचा मान, भाऊजी! बेस कानानं कमी अन् तळपायानं जास्त समजते. पायाखालची फळी हालली पाह्यजे."

देऊळघाटला त्यांची भाजीपाल्याची शेती. आमच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारे दादा हे त्यांचे यजमान. मी बुलढाण्याच्या एका कापडदुकानात कामाला आणि लग्नसराईत, गणपतीत गायक. आमचा बेस गिटारवाला नोकरीसाठी नाशिकला गेला, जाताना गिटार दादांना विकून गेला. दादा डोक्याला हात लावून बसले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "चारच तं तारा हायेत. शिकवा मले." वर्षभरात त्या आमच्यासोबत स्टेजवर होत्या.

गाणं बदललं की त्यांच्या उजव्या हाताची जागा बदलायची. संथ गाण्याला बोटं गिटारच्या मानेकडे सरकत. तिथे तार मऊ लागते, आवाज गोल आणि भरीव येतो. नाचाचं गाणं आलं की हात पार मागे, तारा अडकवलेल्या असतात तिथे. तिथला आवाज आवळलेला, टणक. भेंडीच्या तोडणीच्या दिवसांत बोटं खरखरीत व्हायची, मग आवाजालाही धार यायची. माझ्याकडे वळून हळूच म्हणायच्या, "आज भेंडी वाजून राह्यली, भाऊजी."

एकदा दादांनी हौसेने अकोल्याहून नवी, चकचकीत, पाच तारांची गिटार आणली. पिंपळगाव राजाच्या एका लग्नात वहिनींनी ती घेतली. आवाज मोठा, स्वच्छ, प्रत्येक सूर वेगळा. दोन गाणी झाल्यावर त्यांनी ती खाली ठेवली आणि जुनीच, मुरलेल्या तारांची गळ्यात अडकवली. दादा फुगले. "काऊन? काय वाईट हाय तिच्यात?"

"वाईट काही नाही. पण लय पुढं पुढं करते. भाऊजीले गायले जागाच ठेवत नाही."

त्या दिवसापासून मी गाताना त्यांच्या शेजारी उभा राहू लागलो.

पुढे कडबा कापायच्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक गेलं. त्या बरेच दिवस आल्या नाहीत. दादा डाव्या हाताने कीबोर्डवरच बेस भरायचे, आणि मला गाताना आधार नसल्यासारखं व्हायचं. जळगाव जामोदच्या कार्यक्रमाला त्या पुन्हा आल्या, बोटाला पट्टी बांधून. तळहाताची कड तारांवर टेकवली आणि अंगठ्याने वाजवू लागल्या. सूर उमटायचा आणि लगेच विरायचा. मऊ, दबका. त्यात माझा एकेक शब्द मोकळा होत गेला. गाणं संपल्यावर मी म्हणालो, "वहिनी, इतकं छान कधीच वाजलं नव्हतं."

त्या पट्टीकडे बघत होत्या. "तुमाले ते ऐकू आलं. मले तं राहून राहून जुनं बोटच ऐकू येऊन राह्यलं होतं."



दादा हृदयविकाराने गेले. मुलगा वहिनींना पुण्याला घेऊन गेला. सामानात त्यांनी जुनी गिटार स्वतःच्या हाताने चादरीत गुंडाळून ठेवली. मी अजून गातो. आता बेस कीबोर्डमध्ये आधीच भरून ठेवलेला असतो. तो चुकत नाही, थकत नाही. मी श्वासाला थांबलो तर माझ्यासाठी थांबतही नाही. गाता गाता मी उजवीकडे बघतो. तिथे स्पीकर असतो.

गेल्या रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. शेजारी तान्हं लेकरू आहे, म्हणून त्या गिटार स्पीकरला न जोडताच वाजवतात. म्हणाल्या, "एखादं गाणं घ्या ना, भाऊजी. मी इथून वाजवते."

मी दुकानाच्या मागच्या जिन्यात बसून गायलो. फोनमधून खर्ज येतच नाही. तारेची नुसती टकटक आणि मधूनच त्यांचा श्वास. तरी मी कडव्यांच्या मधल्या जागा सोडत गेलो, आधी सोडायचो तशा.

"आलं ना नीट ऐकू?" त्यांनी विचारलं.

"हो वहिनी. सगळं आलं."

"मंग दुसरं घ्या," त्या म्हणाल्या.