बालाजीच्या गैरहजेरीतली हजेरी

विषय : मोबाईलवरच्या बंदुकीच्या खेळात बक्षीस म्हणून मिळणारे कपडे, ते स्वस्त फोनवर न दिसण्याची अडचण, आणि बालाजी यांचे बंद झालेले खाते.

संदर्भ : तेलगावात शकीलभाईच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातील बाकड्यावर वेळोवेळी झालेली तोंडी चर्चा.

उपरोक्त विषयी सांगायचे म्हणजे, नोकरीत असताना माझ्याकडे कागद साचायचे. पण कागद मुदत संपली की रीतसर नष्ट करता येतात. किस्से नष्ट करण्याची कुठेही तरतूद नाही. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो आणि रोज संध्याकाळी शकीलभाईच्या बाकड्यावर बसायला लागलो. तीन वर्षांत एवढे किस्से साचले की कपाट लागेल!

आधी माणसे सांगतो. शकीलभाई दुकानाचे मालक. बालाजी ट्रॅक्टर चालवतो आणि दिवाळी झाली की बायकोबरोबर ऊसतोडीला जातो. सुनीताबाईंचे शेजारीच ब्लाउज शिवायचे दुकान. हे तिघे मिळून तो खेळ खेळायचे. चौघांची एक तुकडी बेटावर उतरते, दिसेल त्याला गोळी घालते, शेवटी जी तुकडी उरेल ती जिंकते. यांना चौथा कमी पडत होता. मी कोरम भरायला बसलो, तो अजून बसलोच आहे.

जिंकल्यावर काय मिळते? कपडे. कोट, टोपी, बूट, बंदुकीला नवा रंग. त्या कोटाने गोळी अडत नाही. थंडीही अडत नाही, कारण बेटावर थंडीच नाही. नुसता घालून मिरवायचा. लग्नसराईत आम्ही वेगळे काय करतो, असा विचार करून मी हरकत घेतली नाही.

*

बालाजीला पहिला मोठा कोट मिळाला तेव्हाची गोष्ट. सहा आठवडे खपून मिळवलेला. सोनेरी, पाठीवर गरुड. पण त्याचा फोन जुना. कोट घातला की फोन अडखळायचा. शत्रू समोर यायचा, चित्र थांबायचे, आणि चित्र पुन्हा हलेपर्यंत बालाजी मेलेला असायचा.

शकीलभाईने फोन हातात घेतला आणि सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा दर्जा एकदम खाली आणला. फोन घोड्यासारखा पळायला लागला. पण गरुड गेला, सोने गेले, आणि अंगावर मातकट रंगाचे काहीतरी राहिले.

बालाजी बघतच राहिला. "शकीलभाई, म्या सहा हप्ते गोणपाटासाठी खपलो का बे?"

"जीव पायजे का कोट पायजे, ते सांग."

बालाजीने विचार करायला वेळ मागून घेतला. तेवढ्यात सुनीताबाईंनी आपल्या चांगल्या फोनवर त्याला बघितले आणि म्हणाल्या, "माझ्यात तर लई झगमगतोय की तुझा कोट!"

"म्हंजी समद्या दुनियेला दिसतो, निस्ता मला दिसत न्हाई?"

"अरे मग कपडे असतात कशाला?" सुनीताबाई म्हणाल्या. "मी इतकी वर्षं ब्लाउज शिवते. पाठ काय घालणारीला दिसती व्हय?"

त्या दिवसापासून बालाजी गोणपाटात समाधानी आहे.

*

सुनीताबाईंनी मात्र तो कोट धंद्याच्या नजरेने तपासला. स्क्रीन मोठी करून काखेपाशी बघितले, खांदा बघितला. निकाल दिला : "टेलर बोगस हाय. हात वर केला तरी काखेत एक चुणी न्हाई. असं कापड जगात न्हाई."

पण खांद्याची फॅशन त्यांच्या डोक्यात बसली. महिन्याभरात लग्नाचा एक ब्लाउज आला, नवरी कॉलेजात शिकलेली, तिला काहीतरी वेगळे हवे होते. सुनीताबाईंनी खेळातल्या राणीच्या चिलखताचे खांदे जसेच्या तसे उतरवले. आत कडक बकरमचे अस्तर. नवरी आरशात बघून खूश!

लग्नात हार घालायची वेळ आली आणि नवरीचे हात खांद्याच्या वर जाईनात. बँड वाजतोय, भटजी थांबलेत, नवरी हार घेऊन अर्ध्यातच. शेवटी नवऱ्याला कमरेत वाकून मान पुढे करावी लागली.

सुनीताबाईंना वाटले, आता भांडण येणार. दुसऱ्या दिवशी नवरीची आई पेढे घेऊन आली. धाकटीच्या लग्नालाही तसलाच ब्लाउज हवा होता!

*

उन्हाळ्यात फोन तापतात. खेळताना तर इतके तापतात की चित्र आपोआप संथ होते. शकीलभाईने यावर इलाज काढला. दुकानातल्या पाण्याच्या माठावर ओले फडके गुंडाळायचे आणि फोनची पाठ त्याला टेकवायची. त्यामुळे बालाजीला माठाला मिठी मारून, गाल माठाला लावून खेळावे लागे. पण फोन थंडगार!

एकदा एक म्हातारे गृहस्थ रिचार्जला आले. उन्हातून आलेले, तहानलेले. माठाकडे गेले तर माठाला एक माणूस चिकटलेला, तोंडाने पुटपुटतोय, "याऽऽ याऽऽ फुडं या."

म्हातारे बराच वेळ हात जोडून उभे राहिले. मग मला हळूच विचारले, "कंदीपस्नं अंगात येतं ह्याच्या?"

*

माझ्या निवृत्तीला मुलीने चांगला फोन दिला. त्यात बेट असे दिसते की सुटीला जावे. गुडघाभर हिरवेगार गवत, वाऱ्यावर डोलणारे. मी त्या गवतात पालथा पडून राहायचो. कुणाला दिसणार नाही अशी खात्री. आणि दर वेळी पहिली गोळी मलाच!

शेवटी मी लेखी नसली तरी तोंडी तक्रार केली. शकीलभाईने बालाजीचा फोन माझ्या फोनशेजारी ठेवला. तीच जागा, तोच उतार. बालाजीच्या फोनात गवतच नव्हते! दर्जा खाली आणला की फोन लांबचे गवत काढतच नाही. नुसती पिवळी माती, आणि त्या मातीवर उघड्यावर पालथा पडलेला मी.

"म्हणजे इतके दिवस समोरचे लोक मला असे बघत होते?" मी विचारले.

"सगळे न्हाई," शकीलभाईने समजूत घातली. "ज्याचा फोन गरीब, त्यालाच तुमी दिसता. भाऊसाब, तुमच्या फोनात बागायत हाय, ह्याच्या फोनात कोरडवाहू."

आयुष्यभर जमिनीचे कागद हाताळले, पण एकाच तुकड्याच्या दोन ठिकाणी दोन नोंदी प्रथमच बघितल्या. मी दर्जा कमी करायला नकार दिला. मरायचेच आहे तर निदान गवतात!

*

आता बालाजीच्या हजेरीचे.

गेल्या दिवाळीच्या आधी खेळात एक नवे बक्षीस आले. लाल झूल. खेळाचा हंगाम चालेल तोवर रोज एकदा खेळ उघडायचा, हजेरीचे बटण दाबायचे. एकही खाडा न करता शेवटपर्यंत गेले तर ती झूल पाठीवर, आणि नावापुढे कायमचे लिहून येणार : पूर्ण हजेरी.

मला त्यात विशेष वाटले नाही. मी ती नोकरीत करून बसलो होतो, आणि पाठीवर कुणी काही घातले नाही. पण बालाजी हट्टाला पेटला.

"कावून एवढं?" शकीलभाईने विचारले. "तुला तर फोनात झूल दिसनार बी न्हाई."

"झूल ऱ्हाऊ द्या वो. ते नावाफुडचं पायजे." बालाजी जरा थांबला. "आमी लहानपनी आई-बापासंगं ऊस तोडाया कोपीवर जायचो. दिवाळी झाली की शाळा सुटली. पाडव्याला माघारी. गुरुजी हजेरी घ्यायचे अन् माझ्या नावाफुडं नुसत्या फुल्या. एक वर्स पूर्ण हजेरी लागली न्हाई कंदी. हितं तरी लागू द्या."



अडचण अशी की यंदाही तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाणार, आणि उसाच्या फडात रेंज नाही. तेव्हा जबाबदारी मी घेतली. हजेरीच्या बाबतीत पंचक्रोशीत माझ्याइतका अनुभव कुणाला असणार? रीतसर मस्टर उघडले. लांब, आडव्या रेघांचे, पुठ्ठ्याचे. सोमवार-मंगळवार मी, बुधवार-गुरुवार शकीलभाई, शुक्रवार-शनिवार सुनीताबाई. ज्याची पाळी त्याने आपल्या फोनवर बालाजीचे खाते उघडायचे, बटण दाबायचे, मस्टरवर वेळ टाकून सही करायची. रविवारी टोळी बाजाराच्या गावी जाते, तिथे रेंज असते, तेव्हा बालाजी स्वतः लावायचा आणि मला फोन करायचा. त्याच्या रकान्यात मी लिहायचो, "दूरध्वनीवरून खात्री केली."

सुनीताबाईंनी एकदा सही करून वेळ लिहिली नाही. त्यांना मी दुकानातून परत बोलावले. गिऱ्हाईक माप देत उभे होते. तशाच टेप गळ्यात घालून आल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमच्या हाताखालच्या लोकांचं कसं निघालं असंल हो?"

पण खाडा नाही. दिवाळी ते संक्रांत, संक्रांत ते होळी. एकही नाही.

हंगाम संपायला आठ दिवस उरले आणि बालाजीचे खाते बंद झाले. पडद्यावर एकच ओळ : हे खाते एकापेक्षा जास्त व्यक्ती वापरत असल्याचा संशय आहे. मान्य नसल्यास अर्ज करा.

शकीलभाईने कपाळाला हात लावला. मी मात्र निश्चिंत होतो. संशय म्हणजे कागद नसणे. आपल्याकडे तर सगळे कागद होते!

मी तीन पानी अर्ज केला. त्यात स्पष्ट केले की खातेदार उदरनिर्वाहासाठी परजिल्ह्यात असल्याने त्याच्या संमतीने तीन जबाबदार व्यक्तींनी पाळीपाळीने काम पाहिले आहे. सोबत मस्टरच्या सर्व पानांचे फोटो. बालाजीचे अधिकारपत्र, रविवारी बाजाराच्या गावावरून फोटो काढून पाठवलेले, कडेला अंगठ्याची काजळी लागलेले. तिघांच्या सह्यांचे नमुने. आणि पडताळणीस सोपे जावे म्हणून आम्हा तिघांचे खेळातले खाते क्रमांक.

सुनीताबाईंनी अर्ज दोनदा वाचला. "भाऊसाहेब, ते म्हनत्यात एक खातं चौघं वापरत्यात. आपण बी तेच लिहितोय की."

"ते संशय म्हणतात. आपण खुलासा करतोय."

"अन् आपले नंबर कशाला द्यायचे?"

"पारदर्शकता!" मी म्हणालो.

अर्ज पाठवला, सुनीताबाई आपल्या दुकानात परतल्या. दोन मिनिटांत उत्तर आले. माझ्या उभ्या नोकरीत दोन मिनिटांत उत्तर आलेले नाही. लिहिले होते, आपण दिलेल्या तपशीलवार माहितीबद्दल आभार. मग शकीलभाईचा फोन वाजला. मग शेजारच्या दुकानातून सुनीताबाईंचा आवाज आला. मग माझाही वाजला. चारही खाती बंद.

मग शकीलभाईने मस्टर उघडले, दोन-चार पाने उलटली, आणि म्हणाला, "पर भाऊसाब, लिवलंय लई साफ."

टोळी परत आली. बालाजी गावात पोचला तसा अंघोळ न करता दुकानात आला. मी सगळे सांगितले, चूक माझी हेही सांगितले. त्याने मस्टर मागितले. बाकड्यावर बसून पहिल्या पानापासून बोट फिरवत गेला. त्याला वाचायला वेळ लागतो. आम्ही थांबलो.

शेवटच्या आठ रकान्यांशी बोट थांबले. "हे काय लिवलंय?"

"कार्यालय बंद."

"म्हंजी खाडा?"

"नाही. कार्यालय बंद असले तर माणूस गैरहजर धरत नाहीत. तसा नियमच आहे."

"मंग खाडा एक बी न्हाई?"

"एकही नाही."

त्याने मस्टर मिटले, मांडीवर ठेवले. "भाऊसाब, अजून एक अर्ज लिवा. खातं नका देऊ म्हनावं. झूल बी नगं. पूर्ण हजेरी व्हती, एवढं लेखी द्या म्हनावं. माझ्या नावानं."

तसा अर्ज त्याच दिवशी लिहिला. या वेळी एकच पान, सोबत काही जोडले नाही. सही बालाजीने स्वतः केली, मोठ्या अक्षरात, वेळेसह. पोच मिळाली आहे. आज एकोणचाळिसावा दिवस. रोज दुकान उघडले की शकीलभाई उत्तर आले का बघतो.

अर्ज प्रलंबित आहे.