साहेबांचा पीच

यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, गळ्याशप्पथ! आता एखाद्या जागी थोडी फोडणी पडली असेल, पण फोडणीशिवाय वरण कोण खातं? सरकारी ऑफिसात फायलींवर धूळ चढते आणि किश्शांवर साय. आमचं ऑफिस भंडाऱ्यात होतं. खातं सांगत नाही. माझं पेन्शन अजून सुरू व्हायचं आहे.

*

एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमारास पुण्याहून नवे साहेब आले. पहिल्याच दिवशी हेडक्लार्क बावनकरांनी त्यांच्यापुढे सोललेली संत्री ठेवली. साहेबांनी बशी दोन बोटांनी बाजूला सारली.

"हे फळ नव्हे, पाण्याची पिशवी! फळ जगात एकच. पीच! तोही ताजा. नैनितालला खाल्लाय मी. तेव्हापासून जीभ दुसऱ्या कशावर बसत नाही."

आम्ही नैनिताल कॅलेंडरवर पाहिलं होतं. पीच तर कॅलेंडरवरही नाही!

त्याच वेळी क्लार्क मेश्राम बदलीचा अर्ज घेऊन उभा. बायको एकोडीच्या शाळेत मास्तरीण, हा भंडाऱ्यात खोली करून. साकोलीला बदली झाली तर रोज सायकलनं घरी जाता आलं असतं.

"साहेब, शनिवारी घरी जातो तं पोरगी मले काका म्हणते!"

साहेबांनी अर्जावर पेपरवेट ठेवला. "बघू. इथं माणसाला एक धड फळ मिळत नाही, आणि तुम्हाला बदल्या हव्यात!"

मेश्रामनं घ्यायचा तो अर्थ घेतला.

*

तो मोहाडीच्या बाजारात गेला. फळवाल्यानं "हाय ना!" म्हणून टोपलीतून काहीतरी लालसर काढून दिलं.

"पण पीचच्या अंगावर लव असते म्हणतात," मेश्राम म्हणाला.

"लव पायजे? दोन दिवस घरी ठेवा ना भाऊ, आपोआप येते!"

ते आलुबुखार निघाले. साहेबांनी एक चावला, खिडकीतून थुंकला आणि म्हणाले, "पीचचा गरीब नातेवाईक!"

*

मग ऑफिसच्या एका ठेकेदारानं साहेबांच्या बंगल्यात पीचचं रोप लावलं. नारळ फोडला, फोटो काढला. साहेब रोज स्वतः पाणी घालत. आमच्या घशाला कोरड पडली तरी चहा विचारणारे नव्हेत, पण रोपाला बादली!

काही महिन्यांनी साहेब काळजीत पडले. "काय हो, पीचला काटे असतात का?"

"डोंगरात नसतात साहेब," ठेकेदार म्हणाला, "इथं उन्हानं येतात!"

पुढं त्याला बोरं लागली. तोवर ठेकेदाराचं बिल पास होऊन गेलं होतं.

*

पुढच्या मे महिन्यात मेश्रामच्या रेल्वेतल्या साळ्यानं दिल्लीहून खरे पीच पाठवले. मात्र हिरवे, दगडासारखे. बावनकर हाडाचे धानवाले. त्यांनी एक पीच दाबून पाहिला आणि निकाल दिला, "कच्चे हायत. आंब्यासारखी अढी घाला तणसात!"

रेकॉर्ड रूमच्या लोखंडी कपाटात भाताच्या पेंढ्याची तणस अंथरली, पीच निजवले, कुलूप लावलं. भंडाऱ्याचा मे आणि लोखंडी कपाट! काही दिवसांत मुंग्यांची रांग थेट साहेबांच्या केबिनपर्यंत गेली.

बावनकरांनी कपाट उघडलं. "पिकले वाटते!"

"पिकले नाही बावनकरजी," मी म्हटलं, "वारले!"

"कसला वास हा?" साहेब आतून ओरडले.

"जुन्या फायली, साहेब!"

*

पण मेश्राम हटला नाही. साळ्याला पुन्हा लिहिलं. या वेळी पीच आले ते पिकलेले, कागदात गुंडाळलेले, गाल फुगवून बसलेले. काय रस! काय सुगंध! असा पीच भंडाऱ्यात पुन्हा आला नाही.

सुट्टीत बाईसाहेब पुण्याहून आल्या होत्या, त्याही केबिनमध्ये बसल्या. बावनकर, दोन क्लार्क आणि मी भिंतीला टेकून. मेश्रामनं धुऊन, पुसून पीच पुढे केला. साहेबांनी डोळे मिटून चावा घेतला.

साहेबांनी तोंड वाकडं केलं. "हा पीच नव्हे. आंबूस आहे. साल टोचते. खरा पीच कसा, चमच्यानं कापावा! मेश्राम, जा, कॅन्टीनमधून साखर आणा."

मेश्राम खाली मान घालून गेला. तेवढ्यात बाईसाहेबांनी दुसरा पीच अर्धा संपवला होता.

"अहो, कसला नैनितालचा ताजा? आपण गेलो तेव्हा डिसेंबर होता. हॉटेलवाल्यानं डबा फोडून पाकातले वाढले होते! तो डबा तुम्ही मागून आणलात. अजून मी मोहरी ठेवते त्यात."

आम्ही चौघं एकदम छताकडे बघू लागलो.

संध्याकाळी बदल्यांचे हुकूम निघाले. बावनकर देवरी, दोघं क्लार्क सालेकसा, मी चिचगड. केबिनमध्ये होते तेवढे सगळे पार जंगलात! एकटा मेश्राम भंडाऱ्यात कायम.

त्यानं नोटीस बोर्ड वाचला. मग आमच्याजवळ येऊन शांतपणे विचारलं, "तुम्ही आत काय आयकले?" आम्ही सांगितलं. तो तसाच वळला, दार न ठोकता केबिनमध्ये घुसला.

"साहेब, मी बी आयकलो!"

"काय ऐकलंत?"

"मोहरी, साहेब!"

साहेबांनी त्याच्या अर्जावरचा पेपरवेट उचलला.

*

आता खोटं तेवढं कबूल करतो. शेवटचे पीच फार चांगले होते, हे मी रचलं. चांगले होते की नाही, कोणाला ठाऊक? आमच्यापैकी त्याआधी कोणी पीच खाल्लाच नव्हता!